निळे खडे आणि लाल माती

३ जुलै, गुरुवार

आज पुन्हा रिमोट टँकवर. या घरात फिश टँक म्हणजे टेबल. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर रिमोट, लाइट बिल, विलासचा चष्मा. आत पाणी नाही, मासे नाहीत. तळाला नुसते निळे खडे, धूळ खात पडलेले. विलासची पहिली बायको सुनंदाताई गेल्या तेव्हापासून हा असाच कोरडा.

मी म्हटलं, यात पाणी घालूया का? खरी झाडं लावू, चार मासे सोडू. विलास (यापुढे वि., रोज कोण एवढं लिहिणार) म्हणाला, "बघू." या माणसाची निम्मी वाक्यं 'बघू'वर संपतात. लग्नाचं मीच विचारलं होतं, तेव्हाही आधी बघूच म्हणाला होता.

५ जुलै, शनिवार

शाळेच्या लॅबमधला टँक डोक्यातून जात नाही. दरवर्षी सातवीला प्रयोग असायचा. हायड्रिला ही पाणवनस्पती पाण्यात, वर नरसाळं उपडं, त्यावर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवलं की बुडबुडे. पोरी एरवी कानठळ्या बसवायच्या, पण बुडबुडे सुटले की गप्प. टँक मी सांभाळायचे. लॅब असिस्टंटला दुसरं काय आपलं म्हणायला? मी रिटायर झाले आणि नव्या सरांनी तो भंगारात दिला.

वाकोल्याला भावाकडे जन्म गेला. भाऊ-वहिनी चांगलीच, उगाच खोटं कशाला लिहू. पण घर त्यांचं. माझी एक कॉट आणि एक कपाट. हॉलमध्ये माझी वस्तू म्हणून एक कॅलेंडरसुद्धा नव्हतं. लग्न केलं तेव्हा केस पांढरे, बोरिवलीला आले तर इथे सगळं आधीच लागलेलं. पडदे, डबे, देवघर, सगळं सुनंदाताईंच्या हातचं आणि नीटनेटकं. मला फक्त एक जिवंत गोष्ट या हॉलमध्ये मी लावलेली हवीय. एवढंच. फार मागतेय का मी?

६ जुलै, रविवार

प्राची आली. वि.ची मुलगी, एकुलती एक, घाटकोपरला असते. आल्या आल्या चप्पल काढते आणि थेट टँककडे जाते. रिमोट उचलते, ओढणीच्या टोकानं काच पुसते, मग पाणी पिते. दर रविवारी हेच.

मला ती काहीच म्हणत नाही. आई शक्यच नाही, ते मीही मागत नाही. पण मावशी, काकू, कुमुदताई, काहीही चाललं असतं. ती भिंतीकडे बघून "ऐका ना" म्हणते, की मी समजायचं. फोन केला की पहिलं वाक्य, "बाबा आहेत का?" वाईट वागत नाही हं. उलट फार नीट वागते, पाहुण्याशी वागावं तसं.

निघताना म्हणाली, हा टँक इथेच राहील ना? मी म्हटलं, जाणार कुठे?

९ जुलै, बुधवार

स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं परदेशी मातीची पिशवी काढली. "मॅडम, प्लँटेड टँकला हाच सबस्ट्रेट लागतो." सबस्ट्रेट म्हणजे तळाचा थर, ज्यात झाडं मुळं धरतात. किंमत ऐकली आणि पिशवी दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवली. पेन्शनमध्ये माती खायची की भाजी?

म्हटलं, मला झाडांना गॅस सोडायचा सिलिंडर नको, मशीन नको. खिडकीचा उजेड, एक ट्यूब, सोपी झाडं. तो म्हणाला, मग लो-टेक म्हणा ना. असं आहे तर. आयुष्यभर लो-टेकच होते मी, शब्द आज कळला.

निळ्या खड्यांचं विचारलं. म्हणाला, झाडांना त्यात खायला काही नाही, आणि वरचा रंग सुटतो. घरी येऊन एक खडा नखानं खरवडला. नख निळं.

खरं लिहू? रंगाचं निमित्त मिळालं म्हणून बरं वाटलं. मला ते खडे नकोच होते.

१२ जुलै, शनिवार

ओट्यावर बरण्या मांडल्या, लॅबसारख्या चिठ्ठ्या चिकटवून.
अ – नर्सरीची कुंडीतली तयार माती, वर वाळू.
ब – नर्सरीची साधी लाल माती, खत न घातलेली, वर वाळू.
क – नुसती वाळू.
वाळू शेजारच्या रीडेव्हलपमेंटवाल्यांकडून आणली. जाडसर चाळून घेतली, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली, हाताची सालटं निघाली. प्रत्येकीत एक काडी हायड्रिला.

वि. चहा घेऊन आला, बरण्या बघितल्या. "लोणचं घालताय का?" अजून मला तुम्ही म्हणतो. मीही त्याला. लाज वाटते दोघांना, दुसरं काय.

१५ जुलै, मंगळवार

वि. सकाळपासून गायब. दुपारी आला, हातात जेवणाचा डबा. उघडला तर वाळू. बोटीत बसून गोराईला गेला होता, माझ्यासाठी! म्हणाला, ही जास्त चांगली दिसते, आणि फुकट.

मी चिमूटभर ताटलीत घेतली, वर व्हिनेगर टाकलं. फसफसली. शिंपल्यांचा चुरा होता, पाणी जड करणार, आपल्या झाडांना चालणारी नाही. त्याला सांगितलं तर एवढंसं तोंड झालं. मग मलाच कसंतरी झालं. त्याची वाळू काचेच्या वाटीत भरून खिडकीत ठेवलीय. टँकमध्ये नाही तर नाही, घरात तर आहे.

आणि मुद्दा हा की यावेळी तो 'बघू' म्हणाला नाही.

२० जुलै, रविवार

बरणी अ – वाट लागली. कुंडीच्या मातीत शेणखत होतं. पाणी हिरवं, झाकण काढलं की नाक धरायचं. फेकली.
क – झाड जिवंत, पण फिकट, उपाशी.
ब – पाणी निवळलं. नवी पानं. खाली पांढरी मुळं दिसतात.
म्हणजे साधी लाल माती खाली, धुतलेली वाळू वर. स्वस्तात मस्त. दुकानातली ती पिशवी गेली खड्ड्यात.

सकाळी सहज पाहिलं तर वि. कप हातात धरून बरणी ब समोर उभा. चहा गार झालेला. मला बघून म्हणाला, आणखी एक पान आलंय.

२ ऑगस्ट, शनिवार

शेवटी विचारलं. निळ्या खड्यांचं काय करायचं? ते असताना माती घालता येत नाही.

जेवण झालं, ताक संपलं, हात धुतले, मग म्हणाला, "काढा."
मी म्हटलं, प्राचीला आधी सांगायला हवं. तिच्या आईचे आहेत.
"तिला मी सांगतो."
जीव भांड्यात पडला. बाप-लेकीत मी कशाला पडू?

३ ऑगस्ट, रविवार

प्राची आली नाही, ऑफिसचं काम होतं. खडे काढले. मगानं उपसणार होते, पण बरं वाटेना. हातानंच काढले, मुठी मुठीनं. धुतले तर बादली निळी झाली. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली माझ्या जुन्या साडीवर पसरले. वाळले की छान पिशवी शिवून प्राचीला देणार. मनात आलं, सुनंदाताई, रागावू नका.

१४ ऑगस्ट, गुरुवार

या हवेत काही वाळेल तर शपथ. माती भिजवली, वरचा काडीकचरा काढून टाकला, पुन्हा भिजवली. आता घरातच पंख्याखाली वर्तमानपत्रावर. हॉलमध्ये चालायला जागा नाही. वि. उड्या मारत संडासला जातो. खडे अजून गच्चीवरच दमट आहेत.

१७ ऑगस्ट, रविवार

प्राचीचा फोन, "बाबा आहेत का?" गेल्या रविवारीही आली नव्हती. गणपतीलाच येते म्हणाली, तोवर रविवार रविवार ऑफिस. वि. आत जाऊन बोलला. सांगितलं असेल.

२४ ऑगस्ट, रविवार

पिशवी शिवून झाली, कापसाची, नाडीवाली. गच्चीवर गेले. साडी नीट घडी करून ठेवलेली आणि खडे नाहीत.

 वॉचमनला विचारलं, तो म्हणाला सावंतबाईंना विचारा. सावंतबाई तिसऱ्या मजल्यावरच्या, सोसायटीच्या गणपतीचं डेकोरेशन त्यांच्याकडे. खाली पार्किंगमध्ये गेले तर या फेव्हिकॉलचा डबा घेऊन बसलेल्या. यंदाचा देखावा डोंगर आणि नदी. पुठ्ठ्याच्या डोंगरातून नदी निघते, वळणं घेत बाप्पाच्या पायाशी येते. नदी निळी. सुनंदाताईंच्या खड्यांची.

"गे बाय, तुझे खडे ते?" सावंतबाई हात थांबवून म्हणाल्या. "डेकोरेशनाच्या सामानाबाजूकच होते. माका वाटला, कोणीतरी त्यासाठीच ठेवल्यानी."

चूक त्यांची तरी कशी म्हणू? शेडखाली दरवर्षी डेकोरेशनचंच सामान असतं. अर्धे खडे चिकटवूनही झालेले. चतुर्थी तोंडावर. सगळी बिल्डिंग नदीचं कौतुक करत होती. मी वर आले.

वि.ला म्हटलं, प्राचीला सांगितलंत ना खडे काढल्याचं?
त्यानं मान खाली घातली. "म्हटलं, फोनवर नको. ती आली की बघू."

माझा तिळपापड झाला. काय काय बोलले ते लिहीत नाही. तो ऐकून घेत राहिला, त्यामुळे आणखी चिडले. फोन करा म्हटलं तर फोन हातात घेऊन बसून राहिला. मग मीच तो काढून घेतला, आणि मलाही लावता आला नाही. काय सांगणार होते तिला?

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

लिहायचं नव्हतं. लिहिते.

प्राची आरतीला आली. चप्पल काढली, टँककडे गेली, ओढणी हातात घेतली आणि तिथेच थांबली. टँक घासून पुसून लख्ख, आत काही नाही. बापाकडे बघितलं. वि. खिडकीकडे बघत होता. मी म्हटलं, "मी काढले. वाळत घातले होते." आणि मग ते आता कुठे आहेत तेही सांगावं लागलं.

ती खाली गेली. मीही मागोमाग. आरती चालू होती, टाळ्या, झांजा. ती पुढे जाऊन नदीपाशी उभी राहिली. आरती संपली तरी तिथेच. सावंतबाईंना काय माहीत बिचाऱ्यांना, म्हणाल्या, "बघ गे, तुमच्याच घरातली नदी." प्राचीनं मान हलवली. वाकून एक सुटा खडा उचलला, मुठीत धरला.

गेटपाशी मी गाठलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली.
"मला एक फोन करायला हवा होता तुम्ही."
"हो," मी म्हटलं.  तिच्या बाबांवर ढकलणं मला जमलं नाही.

मोदक न खाता गेली. मी स्वयंपाकघरात खूप रडले. वि. दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, चूक माझी आहे. मी म्हटलं, दोघांची.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

फोन नाही. वि.लाही नाही. माती तयार आहे, चाळून डब्यात भरलीय. हात लावावासा वाटत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

दुपारी विसर्जन, पालिकेच्या कृत्रिम तलावात. बाप्पा गेले आणि पार्किंग ओकंबोकं. पोरांना देखावा फाडायचा होता, मी म्हटलं हात लावू नका. बादलीत कोमट पाणी, एक बोथट सुरी, पिठाची चाळण घेऊन जमिनीवर बसले. पुठ्ठा भिजवायचा, खडा सोडवायचा, चाळणीत टाकायचा. कंबरेचा काटा ढिला झाला.

खूप वेळानं शेजारी कोणी तरी बसलं. प्राची. पुठ्ठ्याचा एक तुकडा ओढून घेतला आणि नखानं सोडवू लागली.  

मग खड्यांकडेच बघत ती म्हणाली, "आईला हे अजिबात आवडायचे नाहीत."
मी सुरी बाजूला ठेवली.
"तिला वाळू हवी होती. खरी झाडं. मी दुकानात रडून लोळण घेतली, निळेच पाहिजेत म्हणून. मग तिनं हेच घेतले. आणि दर महिन्याला सगळे काढून धुवायची. चिडचिड करायची, पण धुवायची. मी मोठी झाले तेव्हा म्हटलं, आता बदलूया. तर म्हणाली, असू देत, तुझे आहेत."

 इतके दिवस मी ते खडे सुनंदाताईंची निवड समजून त्यांच्याशी भांडत होते, मनातल्या मनात. आणि त्या बाईनं न आवडणारी वस्तू हॉलच्या मधोमध ठेवून घेतली, धुतली, जपली, का तर पोरीला आवडते. मला असं कोणासाठी कधी करावंच लागलं नाही.

मी विचारलं, "तुझ्या बाबांना हे माहीत होतं?"
"त्यांच्यासमोरच लोळले होते."
घ्या. आणि हा माणूस खिडकीकडे बघत बसला होता.

चाळण भरली. पिशवी वरून आणून दिली. तिनं नाडी ओढून बघितली, शिवण बघितली. जाताना विचारलं, टँकमध्ये काय घालणार? मी वर नेलं, डबा उघडला. तिनं लाल मातीत बोटं घातली, बराच वेळ काढलीच नाहीत. मोदक संपले होते, थालीपीठ लावलं. दोन खाल्ली. खडे घेऊन गेली.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज घातली. माती बोटभर, वर वाळू दोन बोटं. वाळूवर बशी ठेवून पाणी बशीत ओतायचं, म्हणजे माती उसळत नाही. वि. ओतत होता, वाटीवाटीनं, श्वास रोखून. मी म्हटलं, अहो, श्वास घ्या. तरी थोडं गढूळ झालंच. मागे उंच पात्याची झाडं, बाजूला हायड्रिला. मासे इतक्यात नाहीत, आधी झाडं रुजू देत.

पुढचा डावा कोपरा मोकळा सोडलाय. काचेची पट्टी आडवी लावून माती अडवली, तिथे नुसती जागा. वि.नं विचारलं, इथे काय? मी सांगितलं. तो उठून आत गेला. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी मागे गेले नाही, असू दे त्याला.

संध्याकाळी मी स्वतः प्राचीला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, एक कोपरा ठेवलाय. हवे असतील तर तुझे खडे तिथे. नको असतील तरी कोपरा तसाच राहील.
ती म्हणाली, पण रंग सुटतो ना?
मी म्हटलं, सुटतो. खोटं कसं बोलू? मूठभर पाठव, बरणीत घालून बघते. मासे यायच्या आत कळायला हवं.
"बरं," म्हणाली. 

७ सप्टेंबर, रविवार

आली. चप्पल, मग टँक. पाणी निवळलंय. ओढणीनं काच पुसली, आतून वाफ आलेली ती काही जाईना, तरी पुसत राहिली. मग पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून ओट्यावर ठेवली. मूठभर खडे.

बरणी ड. गरम पाण्यानं तीनतीनदा धुतले, वर साधं पाणी, एक काडी हायड्रिला. चिठ्ठी प्राचीनं लिहिली. 'ड' नाही लिहिलं, 'आई' लिहिलं. मी चिकटवून दिली.

१० सप्टेंबर, बुधवार

बरणी – काडी ताठ. पाणी? खिडकीतून बघितलं तर किंचित निळं वाटतं. मागे पांढरा कागद धरला तर वाटत नाही. वि. म्हणतो, आभाळाचा रंग आहे. आभाळ काळं होतं.

टँकमध्ये एका पात्याला बाजूनं नव्या रोपाचं पिल्लू फुटलंय. वि.नं मला हाक मारून दाखवलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सोमवारी अविधवा नवमी, सवाष्ण गेलेल्या बायकांचं श्राद्ध असतं तो दिवस. सुनंदाताईंचं. वि.नं चाचरत विचारलं, स्वयंपाक बाहेरून मागवू का? मी म्हटलं, काही गरज नाही, मी करेन. त्यांना काय आवडायचं ते तेवढं सांगा. त्याला धड आठवेना. खीर म्हणाला, मग म्हणाला नाही, खीर प्राचीला आवडते.

संध्याकाळी फोन वाजला. वि.नं घेतला, दोन शब्द बोलला आणि माझ्यापुढे धरला. "तुझ्यासाठी आहे." तुमच्यासाठी नाही, तुझ्यासाठी!

"मी बोलतेय," प्राची म्हणाली. बाबा आहेत का, नाही. "रंग सोडतायत का?"
म्हटलं, अजून नक्की सांगता येत नाही. थोडे सोडत असावेत. मी रोज पाणी बदलून बघतेय.
 मग म्हणाली, "नसेल जमत तर राहू दे."
"मी धुतेय ना," मी म्हटलं. "धुवत राहीन. तू सोमवारी ये. खीर करतेय, आणि तुझ्या आईला काय आवडायचं ते सांग, तुझ्या बाबांना काही आठवत नाही."
तिनं सांगितलं. अळूची भाजी, त्यात भरपूर मुळा आणि दाणे. कढी, पण गोड नाही. मी बिलाच्या मागे लिहून घेतलं. 

आत्ता बरणीतलं पाणी पुन्हा बदललं. खडे तळहातावर घेऊन एकेक चोळला. बोटाला निळं लागलं, पण परवापेक्षा कमी. कोपरा रिकामा आहे. उद्या अळू बघायला बाजारात जायचंय.